अल्गॉलचं ग्रहण नुसत्या डोळ्यांनी: घटत्या तेजावरून जोडतारा ओळखायचा कसा

ययाति तारकासमूहात अल्गॉल नावाचा तारा आहे. एरवी तो २.१ प्रतीचा असतो. मग एका रात्री पाच तासांत उतरत उतरत ३.४ प्रतीवर येतो आणि पुढच्या पाच तासांत पुन्हा होता तसा होतो. (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप. तिचा आकडा वाढला की तारा मंद झाला, हा उलटा हिशेब नवख्यांना पहिले काही दिवस चकवतो.) १.३ प्रतींची घट म्हणजे जवळजवळ ७० टक्के प्रकाश नाहीसा. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी हे घडतं आणि बघायला दुर्बीण लागत नाही.

तिथे दोन तारे एकमेकांभोवती फिरतात. त्यांची कक्षा आपल्याला जवळपास कडेवरून दिसते, म्हणून ते आळीपाळीने एकमेकांना झाकतात. अशांना पिधानकारी जोडतारे म्हणतात. अल्गॉलच्या या दोघांमधलं अंतर आहे सुमारे ९३ लाख किलोमीटर, म्हणजे सूर्य-बुध अंतराचा साधारण सहावा हिस्सा, आणि आपल्यापासून ते ९० प्रकाशवर्षांवर आहेत. हौशी दुर्बिणीतून ही जोडी सुटी दिसणं शक्यच नाही. हाती एकच धागा उरतो: तेज कधी घटलं आणि किती घटलं.

इंग्लंडमधल्या यॉर्कच्या जॉन गुडरिक या कर्णबधिर मुलाने १७८२-८३ मध्ये हाच धागा धरून अल्गॉलचा आवर्तनकाळ काढला. एखादी काळोखी वस्तू ताऱ्याभोवती फिरत असावी, नाहीतर ताऱ्यावरच डाग असावेत, असे दोन पर्याय त्याने मांडले. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. पहिला पर्याय खरा निघाला, पण त्याची खात्री १८८९ साली पॉट्सडॅमला हेरमान फोगेल यांनी वर्णपटावरून ताऱ्याची मागेपुढे होणारी हालचाल मोजली तेव्हा पटली. गुडरिककडे होतं ते तुमच्याकडेही आहे. शिवाय तुमचं घड्याळ त्याच्या घड्याळापेक्षा चांगलं आहे.

रात्र कोणती निवडायची

महाराष्ट्रातून अल्गॉलचा हंगाम ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री नऊला तो ईशान्येला साधारण ४५ अंशांवर असतो. डिसेंबरच्या मध्यात दहाच्या सुमारास तो उत्तरेकडे सर्वांत उंच, पुण्याहून सुमारे ६७ अंशांवर येतो. त्या क्षणाच्या आगेमागे साडेचार-साडेचार तास तो ३० अंशांच्या वर राहतो. दहा तासांचं पूर्ण ग्रहण एका रात्रीत नीट मिळणं त्यामुळे अवघड आहे, पण तळाच्या, म्हणजे तेज सर्वांत कमी असतं त्या क्षणाच्या, अलीकडचे तीन आणि पलीकडचे तीन तास पुरतात. खरी चढउतार त्यातच असते.

तळाची एक वेळ अल्गॉलच्या चालू वर्षाच्या वेळापत्रकातून घ्या. रूपविकारी (तेज बदलणाऱ्या) ताऱ्यांच्या संस्था ती संकेतस्थळावर देतात. पुढचं गणित हातानेच करता येतं. समजा एक तळ १ तारखेला पहाटे ४ वाजता आहे. पुढचा तिसरी तारीख संपून चौथी लागल्यावर रात्री १२:४९ ला येईल, मग सहाव्या तारखेला रात्री ९:३८ ला, नवव्या तारखेला संध्याकाळी ६:२७ ला. त्यानंतर तो दिवसा सरकतो. आठ फेऱ्या म्हणजे २३ दिवसांना दीड तास कमी, आणि पंधरा फेऱ्या म्हणजे ४३ दिवस व १४ मिनिटं. हा ४३ दिवसांचा आकडा लक्षात ठेवावा: आज सोयीच्या वेळी तळ मिळाला, तर दीड महिन्याने जवळपास त्याच वेळी पुन्हा मिळेल.

चंद्र पाहून ठेवा. कार्तिक पौर्णिमेला तो कृत्तिकांच्या आसपास, म्हणजे अल्गॉलच्या शेजारच्याच अंगणात असतो. तेव्हा निरीक्षण करून हाती फारसं लागत नाही. दिवाळीची अमावास्या काळोखी खरी, पण फटाक्यांचा धूर तासाभरात दोन-तीन दशांश प्रती सहज खातो, आणि तोही सगळीकडे सारखा नाही.

शेजारी ओळखा, मगच ताऱ्याकडे या

शर्मिष्ठेचा एम आणि कृत्तिकांचा पुंजका यांच्या मधोमध ययाति आहे. त्यातला सर्वांत ठळक तारा मिरफाक. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंश झाकते; मिरफाकपासून एका मुठीवर अल्गॉल आणि तिथून सव्वा मुठीवर देवयानीतला अल्माक. या तिघांत जवळपास काटकोन होतो आणि कोनाच्या टोकावर अल्गॉल बसतो.

आता तुलनातारे, म्हणजे ज्यांच्याशी ताडून अल्गॉलची प्रत ठरवायची ते तारे. मिरफाक १.८, अल्माक २.१, एप्सिलॉन ययाति २.९, डेल्टा ययाति ३.०, बीटा त्रिकोण ३.०, अल्फा त्रिकोण ३.४, कप्पा ययाति ३.८. एवढे सात पाठ झाले की काम भागतं. अमेरिकेत १९११ साली स्थापन झालेली एएव्हीएसओ ही रूपविकारी ताऱ्यांची संस्था तुलनाताऱ्यांचे नकाशे फुकट देते. त्यात २९ लिहिलं असेल तर ती २.९ प्रत समजायची. दशांशचिन्ह नकाशावर ताऱ्यासारखं दिसतं म्हणून ते छापत नाहीत.

दोन तारे मात्र टाळायचे. अल्गॉलच्या अगदी बगलेला रो ययाति आहे. जवळ आहे, सोयीचा आहे आणि म्हणूनच घात करतो: तो स्वतःच ३.३ ते ४.० प्रतींमध्ये रेंगाळत बदलतो. दुसरा देवयानीतला तांबूस मिराक. तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहिलं की तो हळूहळू अधिक तेजस्वी भासू लागतो, आणि अल्गॉल तर निळसर पांढरा. अल्माकही थोडा नारिंगी आहे. त्याच्यावर नजर एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नका.

प्रत ठरवणं

सगळं कौशल्य या पायरीत आहे, म्हणून इथे घाई नको.

डोळे काळोखाला सरावायला किमान २० मिनिटं द्या. टॉर्चवर लाल कागद किंवा जिलेटिन चढवा. फोनचा पडदा कितीही मंद केला तरी खिशातच राहू द्या आणि वेळ मनगटी घड्याळात बघा.

आता अल्गॉलपेक्षा थोडा तेजस्वी एक तुलनातारा आणि थोडा मंद एक तुलनातारा निवडा. समजा अल्माक २.१ आणि एप्सिलॉन २.९. या दोघांमधल्या फरकाचे मनात दहा भाग पाडा आणि अल्गॉल तेजस्वी ताऱ्यापासून किती भाग खाली आहे ते ठरवा. चार भाग वाटले तर फरक ०.८ चे चार दशांश म्हणजे ०.३२, प्रत २.१ + ०.३२ = २.४२. वहीत २.४ लिहा. डोळ्याची अचूकता एक दशांश प्रतीची असते, त्यापुढचा आकडा लिहिण्यात अर्थ नाही. दोघांत उन्नीस-बीसच फरक वाटला तरी तसं लिहा आणि पुढे जा.

इथे चुका ठरावीकच होतात.

हवेचा थर ही पहिली. ३० अंशांवरच्या ताऱ्याचा प्रकाश माथ्यावरच्या ताऱ्यापेक्षा दुप्पट हवा पार करून येतो आणि स्वच्छ रात्रीही त्यात पाव प्रत गळते. म्हणून तुलनातारा साधारण त्याच उंचीवरचा घ्या. फेब्रुवारीत अल्गॉल पश्चिमेला कलला की अल्माक त्याच्या आधी खाली जातो, तेव्हा मिरफाक आणि एप्सिलॉनवर भिस्त ठेवा.

दुसरी चूक डोळ्याच्या रचनेची. दोन तारे एकाखाली एक असतील तर खालचा आणि वरचा यांचं तेज डोळा सारखं जोखत नाही. मान अशी कलती करा की दोन ताऱ्यांना जोडणारी रेषा तुमच्या दोन डोळ्यांच्या रेषेला समांतर येईल. शेजारी हसतील, पण आकडा सुधारेल.

तिसरी चूक सर्वांत चिवट: तळ ११ वाजता आहे हे माहीत असलं की साडेदहाला तारा मंद दिसतोच. त्यावर उपाय साधे. वेळापत्रक घरातल्या दुसऱ्या कुणाला बघायला सांगा आणि स्वतः फक्त तारीख विचारा. वहीत आधीच्या नोंदी पुठ्ठ्याने झाकून ठेवा. नवी नोंद आधीच्या नोंदीशी जुळत नाही म्हणून ती खोडायची नाही. शंका असेल तर शेजारी प्रश्नचिन्ह करा.

नोंदी दर १५ मिनिटांनी. ग्रहणाच्या कडेला, जिथे तेज हळू बदलतं, तिथे अर्ध्या तासाने चालेल. प्रत्येक ओळीत वेळ, वापरलेले दोन तुलनातारे, भाग, निघालेली प्रत आणि आकाशाची स्थिती. नुसती प्रत लिहून ठेवली आणि पुढे तुलनाताऱ्याचा आकडा चुकीचा निघाला, तर नोंद दुरुस्त करता येत नाही. भाग लिहिले असतील तर येते.

वेळ नंतर जागतिक वेळेत बदला: भारतीय वेळेतून ५ तास ३० मिनिटं वजा. रूपविकारी ताऱ्यांसाठी ज्युलियन दिनांक, म्हणजे दिवसांची सलग मोजणी, वापरतात, आणि तो आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला बदलतो. त्यामुळे आपली अख्खी रात्र एकाच ज्युलियन दिवसात मावते, मध्यरात्रीच्या तारीखबदलाची कटकट नाही. उदाहरणार्थ २० नोव्हेंबर २०२५ च्या रात्रीचे ११:३० म्हणजे ज्युलियन दिनांक २४६१०००.२५.

तळाची वेळ काढणं

आलेख कागदावर आडवी वेळ आणि उभी प्रत घ्या. प्रतीचे आकडे उलटे मांडा, २.० वर आणि ३.५ खाली, म्हणजे तेज घटलं की रेषा खाली जाईल. बिंदूंमधून हाताने गुळगुळीत वक्र काढा. प्रत्येक बिंदूला शिवण्याचा हट्ट नको.

सर्वांत खालचा बिंदू म्हणजे तळाची वेळ, असं मानू नका. तळाशी तेज फार कमी बदलतं, तिथे डोळ्याचा एक दशांशाचा घोटाळा वेळेत अर्ध्या तासाचा होतो. त्याऐवजी उतार आणि चढ यांच्यात आडव्या रेषा मारा. समजा उतरताना २.६ प्रत ८:४५ ला होती आणि चढताना १:४५ ला, मध्य ११:१५. २.८ प्रत ९:२० आणि १:०६, मध्य ११:१३. ३.० प्रत ९:५० आणि १२:३२, मध्य ११:११. सरासरी ११:१३. उतार-चढावर तेज झपाट्याने बदलतं, म्हणून तिथली वेळ पक्की मिळते. पहिल्या प्रयत्नात १०-१५ मिनिटांच्या आत आलात तर उत्तम समजा.

हे मध्य पायरीपायरीने एकाच दिशेला बरेच सरकत असतील, उदाहरणार्थ ११:०५, ११:१३, ११:२२, तर शंका घ्या. बहुधा उत्तररात्री अल्गॉल खाली गेला आणि तुलनातारा मात्र उंचच राहिला.

वक्र काय सांगतो

एका रात्रीचा वक्र एका ग्रहणाचा. पूर्ण चक्र मिळवायला वेगवेगळ्या रात्रींच्या नोंदी एकावर एक रचाव्या लागतात. एखाद्या तळाचा ज्युलियन दिनांक आधार धरा, प्रत्येक नोंदीतून तो वजा करा, २.८६७३ ने भागा आणि पूर्णांक टाकून फक्त दशांश भाग ठेवा. तो ० ते १ मधला आकडा म्हणजे चक्रातला टप्पा. प्रत टप्प्याविरुद्ध मांडली की महिन्याभराच्या विस्कळीत नोंदी एका रेषेत येऊन बसतात.

आता खोली बघा. अल्गॉलचं मुख्य ग्रहण १.३ प्रतींचं आणि त्यानंतर अर्ध्या चक्राने येणारं दुय्यम ग्रहण जेमतेम ०.०५ प्रतीचं, डोळ्याला न दिसणारं. नवख्यांना वाटतं मोठा तारा झाकला की खोल ग्रहण. तसं नाही. वर्तुळाकार कक्षेत दोन्ही ग्रहणांत झाकलेलं क्षेत्रफळ सारखंच असतं, म्हणून खोली ठरते ती झाकलेला पृष्ठभाग किती तप्त आहे यावर. अल्गॉलमध्ये थंड तारा मोठा आहे, सूर्याच्या साडेतीन पट त्रिज्येचा. तप्त तारा २.७ पट. थंड तारा पुढे आला की मुख्य ग्रहण.

रुंदी बघा. ग्रहण १० तासांचं, चक्र ६८.८ तासांचं, गुणोत्तर ०.१४५. कक्षा बरोबर कडेवर आहे असं धरलं, तर दोन्ही त्रिज्यांची बेरीज भागिले ताऱ्यांमधलं अंतर = १८० अंश गुणिले ०.१४५ या कोनाची ज्या (साइन). म्हणजे २६ अंशांची ज्या, साधारण ०.४४. नेमक्या मोजमापांतून त्रिज्यांची बेरीज सुमारे ४३ लाख किलोमीटर येते आणि अंतर ९३ लाख, म्हणजे ०.४६. वही-पेन्सिलीच्या मानाने हे फारच जवळ आहे. उरलेला फरक पडतो तो दोन कारणांनी: कक्षा पूर्ण कडेवर नसून आठ-नऊ अंश कलती आहे, आणि ग्रहणाचा पहिला स्पर्श डोळ्याला कळत नाही. कक्षा कलती असल्यानेच ग्रहण खंडग्रास राहतं आणि वक्राचा तळ टोकदार असतो. तळ सपाट दिसला तर एक तारा दुसऱ्याच्या आड पूर्ण जातो किंवा त्याच्या तबकडीच्या आत मावतो, असं समजावं.

ग्रहणच आहे कशावरून

तेज बदलणारा प्रत्येक तारा जोडतारा नसतो. वृषपर्वातला डेल्टा तारा ५.३७ दिवसांत ३.५ ते ४.४ प्रतींमध्ये बदलतो, पण तो स्वतःच फुगतो-आक्रसतो. त्याचा वक्र एकांगी असतो: दीड दिवसात चढतो, उतरायला जवळजवळ चार दिवस घेतो. ग्रहणाचा उतार आणि चढ एकमेकांचे आरसे असतात. दुसरी खूण अशी की अल्गॉलसारख्या जोडीत दोन ग्रहणांच्या मधला भाग जवळपास सपाट राहतो. स्पंदन पावणारा तारा असा स्वस्थ बसत नाही.

आवर्तनकाळात दोन सापळे आहेत.

रोज रात्री बरोबर नऊलाच नोंद केली, तर अल्गॉलच्या नोंदी २.८६७ दिवसांना जितक्या छान बसतात तितक्याच १.५३६ दिवसांनाही बसतात. कागदावर दोन्ही वक्र देखणे दिसतात. चोवीस तासांच्या ठोक्यावर डोकावल्याचा हा परिणाम. एकाच रात्री सलग पाच-सहा तास पाहिलं की खोटा काळ उघडा पडतो, कारण त्या हिशेबात ग्रहण निम्म्या वेळात संपायला हवं.

दुसरा सापळा अर्ध्या काळाचा. सप्तर्षीतला डब्ल्यू हा तारा ७.८ ते ८.५ प्रतींमध्ये दर चार तासांनी तळ गाठतो. आवर्तनकाळ चार तास? नाही, आठ. तिथे दोन्ही तारे एकमेकांना टेकलेले आणि जवळपास सारख्या तापमानाचे आहेत, म्हणून दोन्ही ग्रहणं जुळ्यासारखी दिसतात. संगणकाने काळ काढून दिला की तो दुप्पट करून पुन्हा रचून बघायची सवय लावा. एकाआड एक तळांच्या खोलीत बारीक फरक दिसला तर दुप्पटच खरा.

कॅमेरा असेल तर

डीएसएलआर, ५० मिमी लेन्स, तिपाई. आयएसओ ४०० ते ८००, अ‍ॅपर्चर ४, ५ सेकंदांची छायाचित्रं, रॉ फाइल. फोकस मुद्दाम किंचित बिघडवा, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश बऱ्याच पिक्सेलवर पसरेल. धारदार फोकसमध्ये तो तीन-चार पिक्सेलवर साचतो, मधला पिक्सेल भरून वाहतो आणि मोजमाप वाया जातं. १४ बिटच्या कॅमेऱ्यात कमाल आकडा १६३८३ असतो. ताऱ्याच्या मध्यावरचा आकडा ११-१२ हजारांच्या आत ठेवा. दर वेळी १० ते २० छायाचित्रं काढून सरासरी घ्या, नाहीतर लुकलुकीचाच वक्र मिळेल.

लेन्सवर टोपण लावून तेवढ्याच वेळेची १० छायाचित्रं आणि एकसारख्या उजळ पृष्ठभागाची १० छायाचित्रं काढायला विसरू नका. लेन्सच्या कडेला प्रकाश कमी पोचतो. दुसरा संच नसेल तर कडेचा तुलनातारा उगाच मंद मोजला जातो. मोजताना फक्त हिरवा चॅनल घ्या, तो शास्त्रज्ञ वापरतात त्या दृश्य पट्ट्याच्या जवळ जातो. अ‍ॅस्ट्रोइमेजजे ही फुकट मिळणारी प्रणाली हे सगळं करते. जेपेगवर किंवा फोनच्या नाइट मोडवर मोजू नका. ती छायाचित्रं ताऱ्यांचं तेज स्वतःच्या मर्जीने सारखं करतात.

अल्गॉलनंतर

त्याच हंगामात वृषभेतला लॅम्डा घ्या: ३.४ ते ३.९ प्रती, ३.९५ दिवस. फरक अर्ध्याच प्रतीचा, म्हणून आधी अल्गॉलची दोन ग्रहणं हातावेगळी झालेली बरी. सारथीतला एप्सिलॉन २७ वर्षांनी एकदा मंदावतो. पुढचं ग्रहण २०३६ मध्ये, तोवर हात बसवायला भरपूर वेळ आहे.

स्वरमंडळातला बीटा अभिजितच्या जवळ सापडतो. ३.३ ते ४.४ प्रती, आवर्तनकाळ १२.९४ दिवस, तुलनेला शेजारचा गॅमा ३.२ प्रतीचा. इथे रोज एक नोंद पुरते, पण पावसाळा मध्ये येत असल्याने सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हाच सलग पट्टा. या जोडीत एका ताऱ्याचा वायू दुसऱ्यावर ओतला जातो आहे, आणि त्यामुळे आवर्तनकाळ वर्षाला सुमारे १९ सेकंदांनी वाढतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण तो फरक फेरीगणिक साठत जातो: दहा वर्षांपूर्वीचं सूत्र स्थिर काळ धरून वापरलं, तर तळ सात तासांहून जास्त उशिरा येतो.

म्हणून प्रत्येक तळाची वेळ मिळाली की वेळापत्रकातली वेळ तिच्यातून वजा करून वेगळ्या पानावर लिहा. त्याआधी एक दुरुस्ती करा. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याच्या कधी जवळ, कधी दूर असते आणि प्रकाश आठ मिनिटांपर्यंत लवकर किंवा उशिरा पोचतो. ताऱ्याचं स्थान आणि तारीख दिली की ही सूर्यकेंद्री दुरुस्ती तयार गणकयंत्रात मिळते. अल्गॉलसाठी नोव्हेंबरच्या आसपास ती सात-आठ मिनिटांची असते. वेळापत्रकातली वेळ पृथ्वीवरची आहे की सूर्यकेंद्री, हे आधी तपासा, नाहीतर तुमचे सगळे फरक सात-आठ मिनिटांनी एकाच बाजूला पडतील आणि कारण सापडणार नाही.